भिंतीतली फिरती पेटी

स्टॅनी सुताराने भिंतीतल्या लाकडी पेटीला खांदा लावून तिसऱ्यांदा जोर केला. पेटी ढिम्म.

"तेल घातलं, कानशीनं घासलं. नाय हलत."

"मग कापून टाका," उन्नती म्हणाली. ती आर्किटेक्ट. उमेळे गावातल्या या इमारतीत आधी ख्रिस्ती मठातल्या सिस्टर राहत, मग तीस वर्षं पोलिसांची बराक होती; आता वन बीएचके होणार होते. "फिरली असती तर पार्सलची खिडकी केली असती. कुरिअरवाला बाहेरून ठेवेल, वॉचमन आतून घेईल. नाही फिरत तर काच बसवू."

मार्गारेट पंच्याहत्तरीची. मुलगी असताना मठात भाजी पोचवायची, म्हणून तिला विचारायला बोलावलं होतं. निरोपात पेटीचं नाव ऐकताच ती चर्चमधल्या मिसावरून तशीच आली होती, डोक्यावर ओढणी घेऊन.

"कापू नको गं. राहू दे भिंतीत. काय खायला मागते ती?"

"आजी, इथे नुसतं राहून चालत नाही. उपयोग हवा."

स्टॅनी हसला. "उपयोग होता की! लोकं पोरं ठेवून जायची हिच्यात. घंटा वाजवली, पेटी फिरवली, सुटली. आतली सिस्टर उचलायची. ना तोंड बघायचं, ना नाव इचारायचं."

"ते ब्रोशरमध्ये नको हं," उन्नती म्हणाली.

स्टॅनीने करवत उचलली.

"रिकामी फिरत नाय ती," मार्गारेट म्हणाली. "गावातली पोरं खेळायची, म्हणून सिस्टरनी तशी करून घेतली. आत वजन लागतं."

"किती?"

मार्गारेटने क्षणभर करवतीकडे पाहिलं.

"अडीच किलो."

"भाजीचं वजन अजून लक्षात आहे तुमच्या!" खूश होऊन उन्नती आतल्या बाजूला पळाली.

स्टॅनी खिळ्यांची अडीचेक किलोची पिशवी पेटीत टाकणार, तोच मार्गारेटने त्याचा हात धरला. ओढणी काढून तिने पेटीत अंथरली. पिशवी स्वतःच्या दोन्ही हातांनी आडवी ठेवली. ओढणीचं एक टोक तिच्यावर घेतलं, आणि कड आत खोचली.

स्टॅनीच्या तोंडावरचं हसू गेलं.

तिने तळहाताने ढकललं. पेटी मुकाट फिरली. बाहेर नुसतं कोरं लाकूड उरलं.

"परफेक्ट!" आतून आवाज आला. "दूध, किराणा, सगळं मावेल. आजी, तुमची ओढणी इकडे आलीय. परत फिरवू?"

"मावशी," स्टॅनी हळूच म्हणाला, "फिरवू दे ना?"

मार्गारेट उघड्या डोक्याने रस्त्याला लागली होती.

"परत नाय फिरवत ती," तिने मागे न बघता सांगितलं.