मागच्या खोलीपर्यंत वायफाय
बावीस वर्षं मी नळाची कामं करतोय. पाणी कुठे अडलं, कुठे झिरपतंय, हे मला भिंतीला हात लावून कळतं. वायफाय ना दिसत, ना ठिबकत. त्या दिवशी माझी सगळी अक्कल त्याच्यापुढे गहाण पडली.

बाबांना अजिबात ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखतात, त्यामुळे साधा फोन त्यांच्या काडीच्या उपयोगाचा नाही. त्यात मांडीचं हाड मोडल्यापासून पायाला वजन बांधून मागच्या खोलीत पडून आहेत. आणि तिकडे दूरच्या शहरात ताईच्या डोक्याचं ऑपरेशन. चार वाजता तिला आत नेणार होते. "त्याआधी एकदा बाबांशी बोलू दे," एवढंच तिने मागितलं होतं.

मागच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही, आणि पुढच्या खोलीतलं वायफाय दोन जाड भिंतींपुढे हात टेकतं. राउटरच आत न्यावा, तर कंपनीची तार दाराशीच संपते. म्हणून माळ्यावरचा जुना, भलत्याच कंपनीचा राउटर काढला, बाबांच्या उशाशी ठेवला आणि पुढच्या राउटरपासून तिथवर लांब वायर ओढली. जुन्याच्या पाठीला चार पिवळी भोकं आणि बाजूला एकच निळं. आत येणाऱ्या लाइनचं तोंड वेगळंच असतं, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. वायर निळ्यात खोचली.

फोनवर सगळ्या रेघा भरल्या. बाबांनी अंगठा दाखवला. ताईला व्हिडिओ कॉल लावला, तर पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं.

पुढच्या खोलीत येऊन भावोजींना फोन केला. ते हॉस्पिटलात ताईजवळच होते, आणि त्यांना यातलं थोडंफार कळतं.

"दोन्ही राउटरचा पत्ता एकच असणार," ते म्हणाले. "एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिला, तर पोस्टमन जाणार कुठे? जुन्याचा नंबर बदल. आणि फोनना पत्ते वाटायचं काम त्याच्याकडून काढून घे. ते पुढचा करेल."

"पासवर्ड मागतोय."

"टाचणीने मागचं बारीक बटण दाब. सगळं विसरेल तो."

तो विसरला. मी नंबर बदलला, वाटप बंद केलं, वायर पुन्हा निळ्यात खोचली. आता तर फोन वायफायला जोडलाच जाईना. पुढची खोली, मागची खोली, असा मी भोवऱ्यासारखा फिरत होतो. बाबा दर वेळी विचारत, "लागला?" मला अक्षरशः रडू येत होतं. या वेळी वायर पिवळ्यात घालायची होती, तरच पुढच्याने वाटलेले पत्ते आत पोचले असते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पावणेचारला भावोजी म्हणाले, "आता राहू दे. तिचं बोलणं व्हिडिओत रेकॉर्ड करून पाठवतो. तेच दाखव त्यांना."

पुढच्या खोलीत ते फोनवर उतरवून घेतलं आणि बाबांपुढे धरलं. रेकॉर्ड केलेलं आहे, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

"बाबा, पाय दुखतो का?" ताईने विचारलं आणि थांबली.

"रात्रीचा दुखतो," बाबा म्हणाले.

ताईने मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिने बाबांच्या बोलण्यासाठी जागा सोडली होती.

"औषधं घेता ना वेळेवर?"

"घेतो गं. तुझं सांग. साधंच आहे ना ऑपरेशन?"

ताईने हसून पुन्हा मान हलवली. डॉक्टर काय म्हणाले होते, ते मला आणि तिला माहीत होतं. बाबांचा चेहरा मात्र सैल झाला.

"बरं, येते हं बाबा," ती म्हणाली, आणि चित्र थांबलं.

"अरे, एक विचारायचं राहिलं," बाबा म्हणाले. "परत लाव तिला."

सव्वाचार वाजले होते. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. मी परत लावलं.

"बाबा, पाय दुखतो का?" ताईने विचारलं.

बाबांनी फोनवरून नजर काढली आणि माझ्याकडे बघत राहिले.