मार्था हसत होती

मित्रांनो, वसईच्या एव्हरशाईन सिटीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये लोखंडी कपाट आहे. त्याच्या तळच्या खणात, जुन्या मफलरात गुंडाळून ठेवलेला कॅमेरा म्हणजे मी. माझ्या भिंगाला बुरशी लागली आहे आणि बॅटरी फुगून बसली आहे. पण माझ्यावर दया करा म्हणून मी बोलत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका कष्टाळू बाईचं वाटोळं झालं. त्यात माझाही हात होता, हे मला सांगून टाकायचं आहे.

माझ्या काचा जपानात घासल्या गेल्या आणि अंग परक्या मुलखातल्या एका कारखान्यात जोडलं गेलं. २००५ साली शांताराम परुळेकरांनी मला फोर्टमधल्या दुकानातून घरी आणलं. ते एका जहाज कंपनीत हेडक्लार्क होते. सत्तावीस वर्षं त्यांनी फायली लावल्या होत्या. कागदावर सही असली की सगळं काही रीतसर झालं, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांच्या पत्नी मनोरमाबाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, घरात माणसं दोन. फोटो कुणाचे काढणार? शेगडीचे?"

त्यांनी शेगडीचेही काढले. किल्ल्याचे, मिठागरांचे, नायगावच्या खाडीवरच्या बगळ्यांचेही काढले. खरं सांगतो, ते दिवस सुखाचे होते. रविवारी सकाळी ते मला गळ्यात अडकवून निघायचे आणि घरी आल्यावर मऊ कापडाने हलक्या हाताने पुसायचे.

मग ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की इंटरनेटवर फोटो विकता येतात. परदेशी वेबसाइटवर आपले फोटो चढवून ठेवायचे. जाहिरातवाले, मासिकवाले तिथे शोधायला येतात आणि हवा तो फोटो विकत घेतात. शांतारामरावांच्या अंगात वारंच शिरलं. त्यांनी धडाधड फोटो पाठवले आणि ते धडाधड नापास होऊन परत आले. "किल्ले पुष्कळ झाले, माणसं पाठवा," असं काहीसं उत्तर यायचं. राग मात्र माझ्यावर निघायचा. "याच्या भिंगातच दम नाही," म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो, दुसरं काय करणार?

असेच एका रविवारी आम्ही पाचूबंदरच्या कोळीवाड्यात गेलो. तिथे मार्था बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. पंचेचाळिशीची, काटक, सकाळी धक्क्यावर मासळी घेऊन वसईच्या बाजारात विकणारी बाई. तिची मुलगी सुझान कॉलेजला जायची, त्या दिवशी आईच्या हाताखाली होती. शांतारामरावांनी फोटो काढू का म्हणून विचारलं.

"माजा फोटो?" मार्था म्हणाली. "सायेब, हलवा काडा, पापलेट काडा. या तोंडाला कोन गिऱ्हाईक मिलनार?"

आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर खो-खो हसत सुटली. तिचा पुढचा एक दात पडलेला होता, त्याची तिला लाज. म्हणून तिने झटकन पदर तोंडावर दाबला. हसून हसून खांदे वर आले, डोळ्यांतून पाणी आलं. त्याच क्षणी शांतारामरावांनी बटण दाबलं. इतका जिवंत फोटो मी आयुष्यात दुसरा घेतला नाही.

माणसाचा फोटो विकायचा तर त्याची लेखी परवानगी लागते. फॉर्म इंग्रजीत होता. शांतारामरावांनी तो खिशातून काढला. मार्थाने सही केली आणि साक्षीदार म्हणून शांतारामरावांनी सुझानला सही करायला सांगितली. सुझान दोन ओळी वाचून थांबली.

"काका, इथे एनी पर्पज लिहिलंय. म्हणजे कशालाही वापरणार?"

"अगं, ती ओळ सगळ्याच फॉर्मवर असते," शांतारामराव म्हणाले. "कुठल्या तरी मासिकात येईल आईचा फोटो. कर सही."

तिने केली.

फोटो वेबसाइटवर पास झाला. आता त्याच्यासोबत शब्द द्यायचे होते. घेणारे लोक शब्द टाकून फोटो शोधतात, आणि एका फोटोला पन्नास शब्द देता येतात. शांतारामरावांनी आधी दिले ते खरे होते: कोळीण, हसू, समुद्र, आनंद. तीन महिने गेले, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका रविवारी दुपारी ते शब्दकोश घेऊन बसले. मी टेबलावरच होतो. मनोरमाबाई चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडे पाहत राहिल्या.

"बाई रडतेय का हो?"

"नाही गं, हसतेय."

"मला वाटलं रडतेय, नाहीतर खोकतेय."

शांतारामराव चहा प्यायचे विसरले. त्यांनी हसू खोडलं, आनंद खोडला आणि एकेक नवा शब्द घातला. रडू. खोकला. आजार. गरिबी. विधवा. मार्थाचा नवरा तर जिवंत होता, मासेमारीच्या बोटीवर होता! मी समोर बसून सगळं पाहत होतो. मित्रांनो, आम्हा कॅमेऱ्यांना डोळा दिला आहे, तोंड दिलेलं नाही. त्या दुपारी मला त्याचा फार संताप आला.

पुढच्याच आठवड्यात फोटो विकला गेला. घरात पेढे आले. शांतारामराव मला हातात घेऊन म्हणाले, "शाब्बास!" मला ती शाबासकी गोड लागली, हेही कबूल करतो.

दोन महिन्यांनी दारावरची बेल वाजली. सुझान होती. तिच्या हातात फाडून आणलेलं पोस्टर होतं. त्यावर मार्थाचा चेहरा, तोंडावर पदर, डोळ्यांत पाणी, आणि खाली मोठी अक्षरं: 'तीन आठवड्यांहून जास्त खोकला? हा क्षयरोग असू शकतो.' कुठल्याशा आरोग्यसंस्थेने ते गावोगाव लावलं होतं. वसईच्या मासळीबाजाराच्या भिंतीवरही लागलं होतं, मार्थाच्या मासळीच्या पाटीपासून दहा पावलांवर.

"आईकडे कुणी मासळी घेत नाही, काका. गिऱ्हाईक पोस्टर बघतं, आईला बघतं आणि पुढच्या पाटीवर जातं. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला तिच्या शेजारी कुणी बसत नाही. आणि साक्षीदार म्हणून माझी सही आहे त्या कागदावर."

खरोखरच क्षय असता तरी लोकांनी असं पाठ फिरवणं बरं नव्हतं. इथे तर नुसतं हसणं होतं.

शांतारामरावांनी लगेच कॉम्प्युटर लावला. त्यांनी वेबसाइटला पत्र लिहिलं. उत्तर आलं की परवानगीचा कागद तुम्हीच दिला आहे, विकला गेलेला फोटो परत घेता येत नाही आणि त्याचे शब्दही बदलता येत नाहीत. आरोग्यसंस्थेला फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं, "साहेब, खाली छापलंय ना, छायाचित्र प्रातिनिधिक आहे म्हणून." छापलं होतं खरं. मुंगीएवढ्या अक्षरांत, अगदी कोपऱ्यात.

मग शांतारामरावांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे कागदच सुचला. मार्थाला डॉक्टरकडे नेऊन त्यांनी छातीचा एक्स-रे काढला आणि क्षयरोग नसल्याचं सर्टिफिकेट घेतलं. ते प्लास्टिकमध्ये घालून स्वतःच्या हाताने तिच्या पाटीमागे टांगलं. त्या दिवशीही मी त्यांच्या गळ्यात होतो. एक गिऱ्हाईक बाई आली, सर्टिफिकेट वाचलं आणि सोबतच्या बाईला हळूच म्हणाली, "काहीतरी असल्याशिवाय कुणी असं टांगून बसतं का?"

शांतारामराव पुढे झाले. "अहो, या आजारी नाहीत. तो फोटो मीच काढलाय. त्या हसत होत्या."

"हसत होत्या?" त्या बाईने पोस्टरकडे पाहिलं, शांतारामरावांकडे पाहिलं आणि पिशवी सावरून ती निघून गेली. दुपारपर्यंत सगळ्या बाजारात झालं की मार्थाची तपासणी झाली. ज्यांना पोस्टर माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. उरलेली चार गिऱ्हाइकंही तुटली.

पावसाळ्याच्या आधी मार्थाने बाजार सोडला. वीस वर्षांची बसायची जागा दुसरीने घेतली. मार्था आता एका शेडमध्ये रोजावर कोळंबी सोलायला जाते. तिथे गिऱ्हाईक येत नाही, त्यामुळे तोंड दिसायचा प्रश्न नाही. सुझानने कॉलेज सोडलं आणि ती एका दुकानात लागली.

शेवटचा एक प्रयत्न म्हणून शांतारामराव मला घेऊन त्या शेडपाशी गेले. मार्थाचा हसरा फोटो काढायचा, मोठा करून बाजारात लावायचा, असं त्यांच्या मनात होतं. मार्था बाहेर आली. बर्फाच्या पाण्याने तिची बोटं पांढरी पडली होती. शांतारामरावांनी मला डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "मार्थाबाई, जरा हसा. तेव्हा हसला होता तशा."

मार्था माझ्या भिंगात सरळ पाहत उभी राहिली. पदर खांद्यावर होता. तिने तोंड झाकलं नाही, आणि ती हसलीही नाही.

"सायेब," ती म्हणाली, "तवा बी मी हसतच व्हते. तुमाला ठावं व्हतं."

शांतारामरावांनी बटण दाबलं नाही. घरी आल्यावर त्यांनी मला मफलरात गुंडाळलं. त्यानंतर खण उघडला तो फक्त डांबराच्या गोळ्या टाकायला.

मित्रांनो, मला पुसलंत नाही, गंजू दिलंत, भंगारात घातलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या हातात कधी कॅमेरा आला आणि समोरचं माणूस विश्वासाने तुमच्यासमोर उभं राहिलं, तर त्याच्या चेहऱ्याखाली काही लिहिण्याआधी त्याला विचारा. नुसती सही घेऊ नका, नीट समजावून विचारा. मार्थाचा तो फोटो अजून त्या वेबसाइटवर विकायला आहे. कुणी खोकला लिहून शोधलं की मार्था पुढे येते. हसू लिहिलं तर येत नाही.