ठसा गप होईपर्यंत

“किती वेळा सांगायचं या माणसाला, पिंप दारातून हलवा म्हणून. याच्यापेक्षा भिंत बरी, निदान आवाज तरी परत देते.”

तबेल्याचा मॅनेजर हे पुटपुटला तेव्हा काका त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते आणि काकू घोडीच्या पलीकडे. घोडीने कान मागे वळवले, म्हणजे तिलाही ऐकू गेलं. काका मात्र चष्म्याची काच पुसावी तसे तांब्याचे ठसे एकेक करून फडक्याने पुसत राहिले.

“अहो,” काकू म्हणाल्या, आणि हनुवटीने आधी पिंपाकडे, मग दाराकडे खूण केली.

काकांनी लगेच पिंप सरकवलं. “आधी नाही का सांगायचं,” असं वर मॅनेजरलाच सुनावलं.

मॅनेजरने काकूंकडे पाहिलं. काकूंनी घोडीकडे पाहिलं. घोडीला बघायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती दाराबाहेर बघायला लागली.

काका-काकूंचा धंदा जनावरांना गार डाग द्यायचा. लोकांना डाग म्हटलं की लालभडक लोखंड, चरचर आणि जळका वास आठवतो. इथे उलटं. पिंपात द्रव नायट्रोजन असतो, बर्फालाही हुडहुडी भरेल इतका थंड. त्यात तांब्याचा ठसा बुडवायचा, जनावराच्या खांद्यावरचे केस भादरायचे, कातडी स्पिरिटने पुसायची आणि ठसा टेकवून धरायचा. तेवढ्या जागेतला केसांचा रंग मरतो. पुढे दीड-दोन महिन्यांनी तिथे पांढरे केस उगवतात आणि जन्मभर तसेच राहतात. जनावराला फारसं दुखत नाही. एखादी घोडी पाय आपटते, पण तो निषेध असतो, वेदना नव्हे, असं काकूंचं मत. त्यांनी स्वतः आयुष्यात पाय फार आपटले नव्हते, म्हणून त्यांना हा फरक चांगला कळायचा.

सगळी मेख होती ती ठसा पिंपातून कधी काढायचा यात. ठसा आत घातला की नायट्रोजन आधण आल्यासारखा खवळतो, गरजतो. तांबं गार होत जातं तसा आवाज उतरतो, मग नुसती कुरकुर उरते, आणि एका क्षणी सगळं शांत. काका त्याला ‘ठसा गप झाला’ म्हणायचे. गप व्हायच्या आत काढला की ठसा हवा तेवढा गार झालेला नसतो, मग डाग उमटत नाही, जुनेच केस परत येतात. पिंपाच्या तोंडातून एवढी वाफ उसळते की आतलं काही दिसत नाही. ते कानांनीच ओळखायचं. काकांनी लग्नाच्या आधीपासून ते कानांनीच ओळखलं होतं.

गेलं वर्षभर ते काकूंच्या हातांनी ओळखत होते.

हे ठरवून झालं नव्हतं. काकू घोड्याच्या तोंडाशी उभ्या असायच्या, दोर धरून. ठसा गप झाला की पुढच्या कामासाठी त्या दोर सोडून तोंडावरची मोहरकी पकडायच्या, म्हणजे जनावर डोकं झटकत नाही. त्यांची ही जुनीच सवय. कधीतरी काकूंच्या लक्षात आलं की काका आता पिंपाकडे बघतच नाहीत, त्यांच्या हाताकडे बघतात. हात दोरावरून मोहरकीवर गेला की ठसा वर. एकदा मुद्दाम त्यांनी हात हलवायला उशीर केला. पिंप केव्हाचं गप झालं होतं. काका तसेच वाकून उभे राहिले, डोळे काकूंच्या हातावर, आज्ञाधारक मुलासारखे. काकूंनी घाईघाईने मोहरकी धरली. त्यानंतर परीक्षा घेतली नाही.

त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. बोलायचं तरी कसं? त्या गोष्टीचं नाव काढलं तर ती घरात येऊन बसली असती. म्हणून घरात दुसरे शब्द होते. काका तंद्रीत असतात. काका दमलेत. वारा फार आहे. फोनला रेंज नाही. मुलीने परगावाहून फोन करून सांगितलं, बाबा, मला चार दिवस ताप आहे. काका म्हणाले, वा, छान छान, आईला देतो. मग मुलगी आईला म्हणाली, “बाबांना झोप कमी पडते का गं?” काकू म्हणाल्या, “हो, कमीच पडते.” खरं तर काका कुंभकर्णासारखे झोपत. शेजाऱ्यांनी टीव्हीच्या आवाजाबद्दल एकदा दारावर थाप मारली, ती थाप काकूंनीच ऐकली आणि काकूंनीच माफी मागितली.

जास्त जाणवायचं ते गाडीत. पूर्वी तबेल्यांचे लांबलांबचे रस्ते काकूंच्या बोलण्यावर सरायचे. कुठल्या मालकाची सून कशी नाक उडवते, कुठल्या डॉक्टरचे बूट कसे करकरतात, काय वाटेल ते. काका गाडी चालवता चालवता मध्येच एखादा टोला हाणायचे आणि काकू हसून हसून पदराने डोळे पुसायच्या. आता काकू बोलायच्या आणि काका नको तिथे “हं” म्हणायचे. एकदा काकूंनी समोर बघत, अगदी सरळ आवाजात म्हटलं, “मी उद्यापासून निघून जाते, कायमची.”

“बघू की,” काका म्हणाले, “पुढच्या आठवड्यात जरा सवड आहे.”

काकूंना आधी हसू आलं. मग त्या घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांना वाटलं, विधवा बाईला निदान लोक विचारायला तरी येतात. लगेच त्यांनी स्वतःलाच झापलं, काय वेड्यासारखा विचार करते मी. पण विचार यायचा तो आला होता.

तर त्या दिवशी, पिंप दारातून हलल्यावर, काम सुरू झालं. त्या तबेल्याचे घोडे हंगामभर वरच्या कुरणात चरायला सोडायचे होते. तिथे आणखी बऱ्याच तबेल्यांचे घोडे येतात, सगळे एकजात तपकिरी. परत आणताना कुठला कोणाचा हे खांद्यावरच्या डागावरूनच ओळखायचं. पहिले दोन झाले. तिसरी ती दाराबाहेर बघणारी घोडी. काकांनी ठसा बुडवला, पिंप गरजायला लागलं. आणि भादरलेला एक केस उडून काकूंच्या डोळ्यात गेला.

त्यांनी डोळा चोळायला दोर सोडला. घोडी सुटू नये म्हणून दुसरा हात आपसूक मोहरकीवर गेला.

काकांनी ठसा वर काढला.

पिंप अजून चांगलंच खवळलेलं होतं. काकूंच्या तोंडाशी “थांबा” आलं. पण नुसतं थांबा म्हणून भागलं नसतं, ओरडावं लागलं असतं. मॅनेजर तिथेच उभा होता. हातभर अंतरावरच्या नवऱ्याला ओरडून सांगायचं म्हणजे दवंडीच पिटायची. काकूंचा विचार इथवर येतो तोवर ठसा घोडीच्या खांद्यावर टेकला होता.

ठसा उचलल्यावर त्यांनी जागेवर बोट फिरवलं. एरवी तिथे कातडी फ्रीजमधल्या लोण्यासारखी घट्ट लागते, अक्षराच्या आकाराची खाच पडलेली असते. इथे कडा मऊ होत्या. खाच बघता बघता भरून येत होती. काकांनी भुवया उंचावून विचारलं, झालं ना?

काकूंनी मान डोलावली. येईल, त्यांनी मनाशी म्हटलं. थोडा फिका येईल, पण येईल.

नंतरचे आठवडे त्यांचा जीव टांगणीला लागला होता. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना त्यांना ती घोडी दिसायची, शेकडो तपकिरी घोड्यांत उभी, कोणाचीच नसलेली. काकांना सांगावं असं दर दिवशी वाटायचं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझा हात चुकून हलला. मग ते विचारणार, त्याचा ठशाशी काय संबंध? आणि संबंध तर दोघांनाही ठाऊक होता.

घोडे कुरणात सोडायच्या आधीच एक दिवस मॅनेजरचा फोन आला. अर्थात काकूंना.

“काकू, जरा येऊन बघता का? बाकी सगळ्यांचे झकास उमटलेत. त्या एकीचंच काहीतरी... म्हणजे तुम्ही बघाच.”

दोघं गेले. मॅनेजरने घोडी उन्हात आणून उभी केली. खांद्यावर नवे केस आले होते, तपकिरी, चमकदार, मध्ये मध्ये पीठ उडाल्यासारखे चारदोन पांढरे. 

“नायट्रोजन जुना असेल,” मॅनेजर म्हणाला. तो तसा वाईट माणूस नव्हता.

“असेल की,” काकू म्हणाल्या. “त्या दिवशी उकाडाही फार होता.”

“आणि हिची कातडीच जाड आहे. हिची आईही अशीच होती, गेंडा.”

“स्पिरिटही कमी लावलं गेलं असेल. मीच पुसलं होतं.”

“हो, तेही असेल,” मॅनेजर म्हणाला. कारणं सापडत होती तसा त्याचा चेहरा खुलत होता. काका एकदा याच्या तोंडाकडे, एकदा काकूंच्या तोंडाकडे बघत होते. बोलणं फार भराभर चाललं होतं. काकूंना वाटलं, आता हे इथेच मिटवावं.

“खरं सांगू का, घोडी मी धरली होती,” त्या म्हणाल्या. “माझाच हात हलला. चूक माझी. ह्यांच्या कामाला नाव ठेवू नका. पुढच्या खेपेला दुसरी कोणी बाई, नाहीतर माणूस, घेऊन येतील ते. मी घरी बसेन.”

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. घरी, त्या टीव्हीसमोर, एकटीने. पण बोललेलं परत घेता येत नाही.

मॅनेजरला हायसं वाटलं. तो काकांच्या अगदी जवळ गेला आणि अलीकडे सगळेच करायचे तसा, वारा नसताना वाऱ्यातल्यासारखा मोठ्याने बोलला, “काकू म्हणतायत, त्यांचा हात हलला. म्हणून बिघडलं. त्या आता यायच्या नाहीत म्हणे.”

काकांनी वळून काकूंच्या हाताकडे पाहिलं. सवयीने तो हात मोहरकीवरच होता.

“हलला ना,” काका म्हणाले. “मी बघितलं. हलला म्हणून तर मी ठसा काढला.”

“म्हणजे?” मॅनेजर म्हणाला.

काकूंनी मान हलवली, अगदी थोडी. नको. तेवढी खूण काकांना पुरेशी असायची. वर्षभर त्यांनी तिची एकही खूण मोडली नव्हती. त्यांनी खिशातून फडकं काढलं, पुसायला समोर काही नव्हतं, परत खिशात ठेवलं. मॅनेजर उत्तराची वाट बघत होता, पण काका त्याच्याकडे वळलेच नाहीत. घोडीच्या मानेवरून पलीकडे, बायकोच्या तोंडाकडे बघत ते उभे राहिले.

“मला ऐकू येत नाही गं,” ते म्हणाले. “ठसाही नाही, आणि तूही नाहीस.”