मागे न उडालेली सून

सासऱ्यांचा डावा पाय जिन्यावर घासतो, हे सूछिंगच्या लक्षात हिवाळ्यातच आलं होतं. रोज सकाळी सासरे, लुआन गुरुजी, नातीला कडेवर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरत, आणि ती वरून कठड्याला धरून, श्वास रोखून त्यांची पावलं ऐकत राही. एकदा तोल जाऊन त्यांनी भिंतीचा आधार घेतला. मिआनमिआनला तो खेळ वाटला, ती खिदळली. सूछिंगच्या हातातली राळ्याची पेज सांडली.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं.

"अख्खा गाव ज्यांच्याकडे तोल सांभाळायला शिकतो," खमिंग म्हणाला, "त्यांना मी सांगू, तुमचा तोल जातो म्हणून?"

"मग काय पोरगी पडल्यावर सांगणार?"

"तू फार विचार करतेस बुवा."

गुरुजी गावाच्या तटाबाहेर, खंदकाकाठी हाताला हात भिडवून ढकलायची विद्या शिकवत. दोघांनी मनगटाला मनगट लावून गोल फिरायचं, समोरच्याचा जोर ओळखायचा, तो जोर करील तिथं आपण रिकामं व्हायचं, म्हणजे अंग सैल सोडून सरकायचं, आणि त्याचा तोल सुटला की हलकेच ढकलायचं. समोरच्याच्या आधी स्वतःच्या रागाला आणि घाईला आवरा, असं ते सांगत. आणि गुरूनं ढकललं की शिष्यानं चार पावलं मागे उडायचं, ही तिथली रीत. खरं किती, मानाचं किती, हे कुणी विचारत नसे. गाढवाच्या मांसाचे सॉसेज विकणारा जाडा चियाओ तर चेंडूसारखा उडे.

"चियाओ, पाय लागले का जमिनीला?" कुणीतरी विचारी.

"गुरुजींनी हात आवरला म्हणून वाचलो रे."

सूछिंगही लग्नानंतर तिथंच शिकली होती. आता तिनं त्या शिकवणीतूनच बेत रचला. बोलून वाद कशाला? आपला पाय दगा देतो, हे त्यांना आपोआप कळेल. तिनं रविवार निवडला, कारण तेव्हा जुने शिष्य बाहेरगावाहून येतात. त्यांच्यासमोर कळलेलं नाकारता येणार नाही. बेत सुचला त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

"बाबा, आज माझ्याबरोबर."

"ये की. मूल झाल्यापासून आळशी झालीस," गुरुजी म्हणाले, आणि सगळे हसले.

मनगटं जुळली. दोन-तीन वेढे झाले. गुरुजींनी नेहमीसारखं ढकललं, आणि ती उडाली नाही. नुसती बाजूला रिकामी झाली. त्यांचा जोर हवेत गेला, सगळा भार डाव्या पायावर आला आणि तिथंच तिनं तळहात टेकवला.

गुरुजी धुळीत बसले.

चियाओ पुढं झाला, त्यांना उठवत म्हणाला, "जमीन ओली आहे इथं. माझाही पाय मघाशी घसरला."

महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर बुटानं माती घासून दाखवली. मग वातावरण सावरायला एक जुना शिष्य गुरुजींसमोर उभा राहिला. त्यांनी हात लावला न लावला तोच तो धडपडत इतका लांब गेला की एका पोराला हसू फुटलं. गुरुजींनी आपल्या तळहाताकडे पाहिलं आणि हात खाली घेतले.

"आज पुरे."

सूछिंगच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

घरी परतल्यावर गुरुजी कठडा धरत जिना चढले. दाराशी तिनं त्यांना गाठलं.

"बाबा, मला मिआनमिआनची काळजी वाटत होती. जिन्यावर तुमचा पाय..."

"मग जिन्यावर सांगायचंस." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुम्ही ऐकलं असतं?"

"कोण जाणे. कदाचित चिडलोही असतो." ते बूट काढायला वाकले, थांबले, स्टुलावर बसून काढले. "पण आधी हात लावून बघायचं असतं ना, समोर किती जोर आहे ते? तू एकदम ढकललंस. आणि तेही माझ्या पोरांसमोर."

वाद होईल म्हणून आपण गप्प बसलो, असं ती आजवर समजत होती. नकार ऐकायची भीती वाटली, म्हणून त्यांना नकार द्यायची संधीच ठेवली नाही, हे तिला आत्ता कळलं.

आवाज ऐकून मिआनमिआन खोलीतून दुडदुडत आली आणि आजोबांपुढं दोन्ही हात वर करून उभी राहिली. गुरुजींनी आपले हात पाठीमागे नेले. ती टाचा उचलून आणखी उंच झाली, मग तिनं भोकाड पसरलं.

तेव्हा ते भिंतीला पाठ लावून सावकाश फरशीवर बसले, पाय पसरले. पोर मांडीवर चढून गप्प झाली. सूछिंग बघत राहिली. इतकी साधी गोष्ट होती. कुणीतरी घरात, दार लावून, एवढंच म्हणायला हवं होतं: बाबा, बसून घ्या तिला.

"हे चालेल ना, सूनबाई?" त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. ते खरंच परवानगी मागत होते. सूछिंगला त्यांच्याकडे बघवेना. तिनं नुसती होकारार्थी मान हलवली, आणि ती हललेली पाहून मगच त्यांनी नातीभोवती हात घातले.