ऐकणाऱ्यानं बोलायचं

माझा धाकटा भाऊ बायबलचा नवा अनुवाद करतोय, आणि गेला आठवडाभर एका ग्रीक क्रियापदानं त्याला आणि त्यानं आम्हाला पिळून काढलं होतं. एक्त्रेफो. अख्ख्या नव्या करारात ते दोनदाच येतं. एकदा, माणूस स्वतःच्या देहाला खाऊ घालतो, जपतो, तिथे. आणि थोडं पुढे बापांना सांगताना, की मुलांना चिडवू नका, तर त्यांना... इथे गाडी अडली होती. ‘पोसा’ लिहिलं की गुरं डोळ्यांपुढे येतात म्हणे, ‘संगोपन करा’ लिहिलं की सरकारी फलक.

आणि एवढं डोकं लावणारा हा गृहस्थ पोटच्या पोरीशी बोलत नव्हता! तिनं कॉलेज सोडून परगावच्या बेकरीत काम धरलं होतं. “पाव भाजायला शिकवलं का तुला?” असा तो गरजला, तिनं बोलणं टाकलं, आणि आता दुपारच्या बसनं ती निघणार होती. अबोल्यातच गेली, तर परत यायची नाही ही भीती मला खात होती. दोघंही एक नंबरची हट्टी.

अनुवादाच्या कामात एक रीत आहे. मसुदा कुणालातरी वाचून दाखवायचा आणि त्यानं आपल्याला काय समजलं ते सांगायचं. तोवर वाचणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. “आणखी काही?” एवढंच विचारायची मुभा. एरवी ऐकायला मी बसते. त्या सकाळी म्हटलं, “आज माझे कान दुखतायत. तिला वाचून दाखव.”

त्यानं खाकरून दोन्ही वचनं वाचली. पोरगी बॅग भरत होती.

“काय कळलं ते सांग,” मी म्हटलं.

“आत्या, तू पण ना!” ती म्हणाली. मग बॅगेची चेन ओढत बोलली, “आपल्या पोटाला घालतो, तसं मुलांना घालावं. पोट भूक लागली म्हणालं, तर आधी कॉलेज पूर्ण कर, असं सांगतो का आपण त्याला?”

भावानं तोंड उघडलं.

“नियम!” मी ओरडले. तोंड मिटलं.

“आणखी काही?” त्यानं कसंबसं विचारलं.

“भूक कशाची आहे, ते विचारावं. मला कुणी विचारलंच नाही.” तिचा आवाज कापला.

“आणखी काही?”

“नाही. झालं.”

आता त्याला बोलायची मोकळीक होती. संपलं, आता व्याख्यान, असं मला वाटलं. त्यानं चष्मा काढून पुसला.

“पाव आतून भाजलाय, हे बाहेरून कळतं कसं?”

तिनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. “उलटा करून टिचकी मारायची. पोकळ वाजला की झाला.”

“असं होय?”

ती जरा घुटमळली. मग पुढे झाली, बापाच्या टकलावर हलकेच टिचकी मारली आणि कान लावला.

“अजून कच्चा आहे. ठेवावा लागेल.”

मी फिस्सकन हसले. तो हसला नाही. त्यानं वाकून तिची बॅग उचलली.

“ठेव,” तो म्हणाला. “पण मधूनमधून येऊन बघत जा.”