दाढीवाल्याचं मरण

मेण ओतलेला साचा थंड व्हायला ठेवून ताईने हात पुसले आणि खिडकीपाशी जाऊन फोन उघडला. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या सगळ्या खाली गेल्या होत्या. कवळ्या बनवण्याच्या त्या खोलीत आता ती होती आणि टेबलांवर ओळीने मांडलेले परक्यांचे दात.

तो गट तिला अलीकडेच सापडला होता. प्राचीन काळातल्या राज्यांचा तो संगणकावरचा खेळ खेळणारे लोक तिथे आपापल्या मोहिमेची चित्रे टाकत, कोणते शहर घेतले, कोणते गमावले ते सांगत. ती नुसती वाचायची. आज मात्र तिला लिहायचे होते. दाढीवाला मेला होता आणि ते भावाखेरीज आणखी कोणाला तरी सांगावेसे वाटत होते.

खेळ दोघांचा होता. धाकटा भाऊ नोकरीसाठी दूर गेला, तेव्हा फोनवरचे बोलणे लवकरच जेवलीस का, गुडघा कसा आहे, एवढ्यावर आले. मग एकदा घरी आला असताना त्याने तिच्या लॅपटॉपवर हा खेळ घालून दिला. नदीच्या मुखाशी एक चिमुकले राज्य. खेळातले एक वर्ष तिने खेळायचे आणि फाइल त्याला पाठवायची, पुढचे वर्ष त्याने. सोबत काय घडले त्याची हकिगत. शहरांची नावे बदलता येत. सारखे धान्य मागणाऱ्या बंदराला त्यांनी ‘मावशीबंदर’ म्हटले, आणि ज्या किल्ल्यावरचे पहारेकरी दर वेळी बेसावध सापडत त्याला ‘डुलकी’. सेनापतीला दाढी होती, म्हणून तो दाढीवाला. नियम एकच, तोही धाकट्यानेच घातलेला: झालेली चाल मागे घ्यायची नाही. हरलो तर हरलो.

खिंडीतल्या लढाईत ताईने घोडदळ जरा लवकर पुढे काढले आणि दाढीवाला घेरला गेला. त्याचा झेंडा पडला तेव्हा ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली होती. भावाची तिने माफीच मागितली. ‘असू दे गं,’ त्याने लिहिले होते, ‘युद्धात माणसं मरतातच.’ त्या एका ओळीने तिचा जीव भांड्यात पडला होता.

आता गटातली चित्रे सरकवताना तिला एक नकाशा दिसला. त्यावर मावशीबंदर होते. तिला हसू आले. म्हणजे धाकट्यालाही लोकांना सांगावेसे वाटले तर. मग तिच्या लक्षात आले, की राज्याचा रंग दोन्ही समुद्रांपर्यंत पसरला आहे. शेजारच्या चित्रात विजयाची मिरवणूक होती आणि सर्वांत पुढे, घोड्यावर, दाढीवाला. तिने दोन बोटांनी चित्र मोठे करून पाहिले. तोच होता.

खाली धाकट्याने लिहिले होते, की एकट्याने खेळलेली मोहीम अखेर फत्ते झाली. मध्ये खिंडीत एक मूर्खपणा झाला होता, तिथून मागे जाऊन पुन्हा खेळलो. लोकांनी शाबासकी दिली होती. एकाने विचारले होते, अशी गमतीदार नावे कुठून आणलीस? ‘सुचली अशीच,’ धाकट्याचे उत्तर होते.

तेवढेच तिने पुन्हा वाचले.

घरी गेल्यावर चपला काढायच्या आधी तिने लॅपटॉप उघडला. खिंडीनंतर धाकट्याने पाठवलेली वर्षे एकेक करून पाहिली. सैन्य जागचे हलले नव्हते. कोठारे उघडली नव्हती. वर्ष संपवायचे बटण तेवढे दाबून तो फाइल परत पाठवत होता, वर ‘शांत वर्ष गेलं, आता तू’ असे लिहून. तिला वाटले होते, दाढीवाला गेल्यापासून तो जपून खेळतो आहे.

तिने फोन केला. त्याने आधी गुडघ्याचे विचारले. तिने गटातले पाहिल्याचे सांगितले. मग त्याने समजावले, की दाढीवाला जगला असता तर काय झाले असते एवढेच बघायचे होते, त्यात तो ओढला गेला. आणि ‘एकट्याने’ काय, तिथे सगळेच लिहितात, कोणाकोणाला सांगत बसणार.

“पण आपलं राज्य चालूच आहे ना, ताई. तुला आवडतं म्हणून तर मी पाठवत होतो.”

“मला आवडतं म्हणून.”

“तसं नाही गं.”

दारावर कोणी आलंय असे सांगून तिने फोन ठेवला. दारावर कोणी नव्हते.

त्यानंतर बरेच दिवस तिने फाइल पाठवली नाही. त्यानेही विचारले नाही. मग एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. ऑफिसमधल्या नव्या साहेबाच्या तऱ्हा सांगून झाल्या, तिच्याकडच्या पाण्याच्या टाकीचे विचारून झाले, आणि ठेवता ठेवता तो म्हणाला,

“तुझं वर्ष राहिलंय बघ.”

“संपलं ते,” ताई म्हणाली. “हरलो आपण. राजधानी गेली.”

“कशी काय?”

“वेढा पडला. धान्य पुरलं नाही.”

पलीकडे खुर्ची करकरली. “फाइल पाठव ना. थोडं मागे जाऊन बघतो. वाचवता येईल.”

“नको,” ती म्हणाली. “राहू दे आता.”

त्याने फार आग्रह केला नाही. त्याच्या आवाजात थोडा सुटल्याचा सूर होता, किंवा तिला तसा वाटला.

फोन ठेवून तिने चहा गाळला आणि कप घेऊन ती टेबलाशी बसली. लॅपटॉप उघडाच होता. राजधानीच्या वेशीतून धान्याच्या गाड्या आत येत होत्या. भिंतीची डागडुजी पुरी होत आली होती. तिने बंदरातली दोन जहाजे उत्तरेकडे धाडली, कर थोडा कमी केला, घोडदळाला विसावा दिला. वर्ष संपले, तेव्हा सवयीने तिचा हात फोनकडे गेला. तो तिथेच थांबला. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि धाकट्याचे वर्ष खेळायला घेतले.