उताराची ऊब

काटा पुन्हा वर चालला होता. एरवी ज्या नजरेनं मॅरेन झोपलेल्या लेकीचा श्वास न्याहाळायची, त्याच नजरेनं ती आता गिअरबॉक्सच्या तेलाचा काटा न्याहाळत होती. ओपल शेजारच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली, तोंड उघडं टाकून झोपली होती. अजून वर्षाचीही नव्हती.

"वेड, तांबडा दिवा लागलाय," ती बस चालवणाऱ्या नवऱ्याला म्हणाली.

"दिसतोय मला."

"मग थांब ना!"

"कुठे थांबू? दरीत?"

वुल्फ क्रीक खिंडीचा उतार नुकता सुरू झाला होता. रस्ता कोरडा होता, पण मागच्या शिखरांवर बर्फाचे ढग उतरायला लागले होते. बस जुनी, कधीकाळी उतारू वाहणारी. मॅरेनच्या सासऱ्यांनी, हार्लननी, तिच्यातल्या सीटा उपटून स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागे पलंग असं घर उभं केलं होतं. वसंतात ते गेले आणि हे घर पोराच्या हवाली झालं. उतारावर रिटार्डरची दांडी ओढली की गिअरबॉक्समधलं तेलच चाकांना आवरून धरायचं, ब्रेकला हात लावावा लागत नसे. पण चाकं आवरता आवरता तेल तापतं, आणि फारच तापलं की रिटार्डर आपणहून पकड सोडतो.

त्यानं ती सोडली. मागून कुणी खांदा लावावा तशी बस पुढे लोटली गेली. वेडनं ब्रेकवर पाय दिला, गिअर खाली आणला, पुन्हा पाय दिला. जळक्या वासानं बस भरून गेली. ट्रकवाल्यांसाठी ठेवलेल्या रुंद कडेला गाडी कशीबशी थांबली, तेव्हा मॅरेनचा हात ओपलच्या छातीवर होता.

कॅन्ससपासून सोबत येणारा रॉइस आपली बस मागे लावून उतरला. हार्लनचा जुना दोस्त. त्याचं घरही असंच चाकांवरचं.

"काय रे पोरा, शेकोटी केलीस का? वास पार माझ्यापर्यंत आला."

दोघं मागचं झाकण उघडून वाकले. मॅरेन ओपलला कडेवर घेऊन दाराशी उभी राहिली. तेलाची पातळी बरोबर निघाली, जास्त नाही की कमी नाही. ब्रेकच्या हवेचा दाब ठीक. पंखा फिरत होता, रेडिएटरवर धूळसुद्धा नव्हती.

"सगळं नीट आहे, मग तापतं कशानं?" वेड कपाळ पुसत म्हणाला.

"तुझ्या बापाच्या हुशारीनं. मी तेव्हाच म्हटलं होतं, हार्लन, घर कर पण गिअरबॉक्सच्या नळ्यांशी खेळू नकोस. ऐकेल तर तो हार्लन कसला!"

एकाएकी वेड थकल्यासारखा दिसायला लागला. बापाच्या कामात खोट असेल हे त्याच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

रॉइसनंच आवाज मऊ केला. "हे बघ, डुरँगोमधलं माझं घर रिकामंच आहे. मागे अंगण आहे. तुम्ही तिथे राहा आणि ही बस मला दे. मी नळ्या उपटून पहिल्यापासून बसवीन. लेकरू घेऊन असल्या गाडीत फिरू नये."

मॅरेननं श्वास रोखला. अंगण. जागची न हलणारी जमीन. ओपल जिथे पहिलं पाऊल टाकेल, तिथेच दुसरंही टाकेल.

"घेऊन टाका," वेड म्हणाला. "खाली पोचलो की किल्ली तुमची."

चेहऱ्यावरचा आनंद दिसू नये म्हणून ती आत पळाली. ओपलचा लंगोट बदलायला तिला पलंगावर ठेवलं. बाहेरून वेडचा आवाज येत होता.

"डॅड म्हणायचे, उताराची ऊब फुकटची असते, पलंगाला वेगळं जळण कशाला? मला वाटायचं, थट्टा करतायत."

मॅरेनचा हात पलंगाच्या फळीवर होता. फळी गार होती. एवढा उतार उतरून, एवढं तेल उकळून, फळी गार होती.

जूनमध्ये कॅन्ससच्या उकाड्यात हीच फळी तापायची. ओपलची मान घामानं चिंब व्हायची. तान्ही बाळं झोपेत तापली तर काय होतं, हे मॅरेननं नको तितकं वाचलं होतं. एके दुपारी तिनं पलंगाखाली हात घालून पितळी व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. फळी गार झाली, ती निर्धास्त झाली. पुढचा सारा उन्हाळा सपाटीवर गेला. चढ नाही, उतार नाही; तांबडा दिवा कधी लागलाच नाही.

गिअरबॉक्सचं तेल थंड करणारं पाणी या पलंगाखालच्या नळ्यांतूनच फिरत होतं तर, आणि तिनं त्याची वाटच अडवली होती.

ती खाली बसली. बोललं नाही तर अंगण मिळणार होतं. बाहेर रॉइस सांगत होता, "पहिल्या गिअरमध्ये रांगत उतर. ब्रेक टिकतील बहुतेक."

बहुतेक.

ओपल पाय झाडत तिच्याकडे बघून हसली. मॅरेननं गुडघे टेकले, हात पलंगाखाली घातला आणि व्हॉल्व्ह उघडला. नळीत गुरगुर झाली.

तेल निवल्यावर ते निघाले.

"एकदा दांडी ओढून बघ," ती म्हणाली.

"कशाला? पुन्हा सोडेल."

"बघ तर."

त्यानं ओढली. बस आवरली. काटा चढला, चढला आणि मध्येच थांबला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. काटा तिथेच. वेडला हसू फुटलं, लहान मुलासारखं. "डॅड! म्हातारा बरोबर होता, मॅरेन! पण मग मघाशी..."

"पलंगाखालचा व्हॉल्व्ह बंद होता," ती म्हणाली. "मीच केला होता. जूनमध्ये. ओपलला घाम यायचा म्हणून."

त्याचं हसू गेलं. उतार संपेपर्यंत त्यानं रस्त्यावरची नजर हलवली नाही.

खाली पेट्रोलपंपावर रॉइसनं किल्लीसाठी गमतीनं तळहात पुढे केला. वेडनं मान हलवली. "नाही देणार, रॉइस. हिच्यात खोट नाहीये."

डुरँगोच्या घराचं काय, हे त्यानं मॅरेनला विचारलं नाही. टाकी भरून परत चढताना, तिच्याकडे न बघता, एवढंच म्हणाला, "आणखी काय काय बंद करून ठेवलंयस, ते सांगून ठेव."

ती मागे गेली. फळी कोमट झाली होती. तिनं ओपलला तिथे निजवलं, पायातले मोजे काढले आणि मनगट तिच्या मानेखाली सारून घामाची वाट बघत बसली. बस पश्चिमेकडे निघाली.